पाणी खोडून चरबी

इस्माईलचाचा,

उंटाच्या कुबडात पाणी नसतं. चरबी असते. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण तुम्ही होतात तोवर मी हे एकदाही कागदावर लिहिलं नाही.

तुमचा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय आणि काशीदच्या किनाऱ्यावर तुमचा विषय संपलासुद्धा. ‘तो उंटवाला गेला म्हणे.’ एवढंच. शहाळंवाला, घोडागाडीवाला, बाइकवाला, तसा उंटवाला. लोक एका शब्दात माणूस मोडीत काढतात याचा मला भयंकर राग येतो. मग आठवतं, की माझ्या पत्रकातही तुमचं नाव नव्हतं. तिथेही तुम्ही ‘उंटवाला’च होतात. त्याच्या आधी ‘निर्दय’ असा शब्द होता, तो माझा.

ती सकाळ तुम्ही मला पुढे शंभर वेळा नक्कल करून दाखवलीत. डिसेंबरची गर्दी, सुरूच्या झाडांखाली गाड्याच गाड्या. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन तुमच्या समोर उभी राहिले आणि घसा ताणून सुरू केलं, ‘वाळवंटाच्या प्राण्याला समुद्रावर भीक मागायला लावणाऱ्यांचा निषेध!’ आमच्या प्राणीमित्र गटात पाच जण. त्यातले तीन त्या दिवशी आलेच नव्हते आणि चौथा फोटो काढत होता. तुम्ही खाली वाळूत उकिडवे बसून त्या प्राण्याच्या, म्हणजे नूरीच्या, पायातली काचेची कपची काढत होतात. वर न बघता म्हणालात, “बोल बोल. ऐकतोय मी. फक्त जरा बाजूला हो, तिला तुझा कागद दिसतोय.”

तोवर नूरीने मान खाली आणून माझ्या हातातून पत्रक ओढलं होतं. वरचा ओठ मधोमध दुभंगलेला, त्याच्या दोन्ही कडा दोन बोटांसारख्या चालवत तिने तो कागद शांतपणे तोंडात घेतला आणि जबडा आडवा फिरवायला लागली.

“तिला पटलं बघ,” तुम्ही म्हणालात.

पर्यटक हसले. मी संतापले. शाई तिच्या पोटात गेली म्हणून तुम्हालाच ओरडले. तुम्ही दुसरं पत्रक मागून घेतलंत आणि मलाच वाचून दाखवायला लावलंत, कारण तुमची शाळा उर्दूतली. मी वाचलं: ‘ज्याच्या कुबडात निसर्गाने पाण्याची टाकी दिली, त्या उंटाला आज इथे पाण्याचा थेंबही मिळत नाही!’

“थांब,” तुम्ही म्हणालात. “एक, उंट न्हाय, सांडणी हाय ती. बाई माणूस हाय. दोन, ती पिंपातलं पाणी बघ, मघाशीच प्यायली. आणि तीन, कुबडात पाणी कोणी सांगितलं तुला?”

“सगळ्यांना माहितेय.”

“मंग सगळ्यांना चुकीचं माहीत हाय. पोरी, ती चरबी हाय. दाबून बघ. टाकीसारखी डुचमळते का?”

मी दाबून बघितलं नाही. हात लावला तर हरल्यासारखं होईल असं वाटलं. त्या दिवसापासून तुम्ही मला नावाने हाक मारली नाहीत. पत्रकवाली. नांदगावला माझ्या घरी सुपारीच्या बागेत येऊन आईपुढेही तेच, “पत्रकवाली हाय का घरी?”

भांडायला म्हणून मी परत परत येत राहिले. प्रत्येक वेळी एक आरोप घेऊन यायचे आणि जाताना भलतंच काहीतरी शिकून जायचे. मार्चमध्ये येऊन म्हटलं, एवढ्या उन्हात तिच्या पाठीवर ही लोकर कशाला, कापा ती, एवढीही दया नाही? तुम्ही मला सावलीत बसवलंत. मग सौदीची गोष्ट सांगितलीत. एका मालकाच्या उंटांवर तुम्ही वीस वर्षं राबलात, त्यातल्या पहिल्याच उन्हाळ्यात तुम्हालाही अशीच दया आली होती. एका सांडणीची पाठ तुम्ही कातरून साफ केलीत. बाकीच्या कळपाला काही झालं नाही आणि ती एकटी धापा टाकायला लागली. कळपात सगळ्यात आधी पाण्याकडे धावायची ती तीच. मालकाने तुम्हाला दुपारी बाहेर उभं केलं आणि डोक्यावरचा रुमाल काढायला लावला.

“तेव्हा कळलं,” तुम्ही म्हणालात. “ती लोकर म्हणजे तिचं छप्पर हाय. ऊन वरच्या वर अडतं. मी तिचं घर उघडं पाडलं. मीपण तुझ्यासारखीच दया केली होती.”

चाचा, चळवळीत मला पुष्कळ जण पुष्कळ काही बोलले. धंदा बुडवणारी, रिकामटेकडी, अजून बरंच. पण या एका वाक्याइतकं मला काही लागलं नाही. तुम्ही ते टोमणा म्हणून बोललाच नव्हतात, म्हणून जास्त.

मग मी शोधायला लागले. पुस्तकं, विद्यापीठांचे लेख, जे मिळेल ते. वाचून तुमच्याकडे यायचे आणि तुम्ही माझी परीक्षा घ्यायचात. मी सांगायचे, ती दिवसा अंग तापू देते, चाचा! आपल्याला एवढा ताप आला तर आपण अंथरूण धरतो. ती घाम वाचवते, दिवसभर तापत राहते आणि ती उष्णता रात्रीच्या थंडीत सोडून देते. तुम्ही म्हणायचात, “म्हणून पहाटे तिच्या पोटाला हात लावला की गार लागतं. पुढं?” मी म्हणायचे, चरबी सगळ्या अंगभर न पसरता एका जागी कुबडात ठेवलीय, म्हणून बाकीच्या अंगातून उष्णता बाहेर पडते. “आपण सगळ्यांनी पोटाला बांधलीय,” तुम्ही आपल्याच पोटावर थाप मारायचात. मी सांगितलं की तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल नसतात, लांबट असतात. पाणी आटलं, रक्त दाट झालं तरी त्या अडकत नाहीत, आणि एकदम पाणी प्यायली तरी फुगून फुटत नाहीत. हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्ही उठून नूरीच्या मानेवरून हात फिरवलात आणि म्हणालात, “वीस वर्षं बघितलं, बादल्यांवर बादल्या ओतल्या, आणि कारण आज कळतंय. शाबास पत्रकवाली.”

ती शाबासकी मी जपून ठेवलीय.

वाचून कळत नाही ते तुम्ही दाखवलंत. किनाऱ्यावर वारा सुटला, वाळू उडाली की पर्यटक किंचाळत गाड्यांकडे पळायचे. नूरी तिथेच उभी. नाकपुड्या अशा मिटायच्या की नुसत्या दोन रेघा दिसाव्यात. पापण्यांच्या केसांची दुहेरी झालर खाली यायची. “हिचे दरवाजे हिच्याकडंच हायत,” तुम्ही म्हणायचात. मिठागरातून आणलेल्या खड्या मिठाचा खडा हातावर ठेवून तिला चाटवायचात, कारण मिठाशिवाय तिचं भागत नाही. तिच्या छातीखालचा तो घट्ट घट्टा मला बोटांनी चाचपायला लावलात. बसली की त्या घट्ट्यावर अंग तोललं जातं, पोटाखालून वारा खेळतो, तापलेली जमीन टेकत नाही. आणि एकदा म्हणालात, उघड्या रानात ती तोंड सूर्याकडे करून बसते, म्हणजे अंगाची कमीत कमी बाजू उन्हात येते. मग तिच्या मागे जी सावली पडते, ती आपली.

“इथे कधी बसली नाही तशी,” मी म्हणाले.

“इथं गरज न्हाय. सुरू हायत.” मग तुम्हीच पुढे म्हणालात, “इथं तिच्या कुठल्याच हुशारीचा उपयोग न्हाय, खरं सांगायचं तर. तिकडं हवा पाणी ओढून घेते, म्हणून ही पाणी राखते. इथं हवाच पाण्यानं भिजलेली. राखून करणार काय?”

तुम्ही स्वतः माझ्या पत्रकातला मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. मी लगेच पकडलं. “मग आणलीत कशाला इथे?”

“चुकलं,” तुम्ही म्हणालात. “परत आलो तर हाताला दुसरं काम येत नव्हतं. पण आता आणली तर आणली. आता ती माझी हाय.”

यावरून आपलं भांडण कधी मिटलं नाही. मी म्हणायचे, पर्यटकांच्या फेऱ्या बंद करा, तिला तिच्या हवेत पाठवा. तुम्ही म्हणायचात, पाठवा म्हणजे कुठे? पत्ता सांग. पत्रकात मागणी लिहिणं सोपं असतं, पत्ता कोणी लिहीत नाही.

पण तुमचं एक मला मानावंच लागलं. मे अर्धा सरला की तुम्ही तिला पायी घेऊन निघायचात. साळाव, रोहा, पाली, खोपोली, बोरघाट, आणि पुढे शिरूरच्या पलीकडच्या माळावर धनगर बिरूदादांच्या मेंढरांत. अकरा दिवसांची चाल. मृगाच्या आत घाट चढलाच पाहिजे. कारण इथे पाऊस लागला की तिच्या अंगाला खरूज धरते, माश्या चावून ताप येतो, आणि चिखलात तर तिचे ते वाळूसाठी घडलेले पसरट, मऊ पाय चार दिशांना जातात. उंट एकदा फाकून पडला की उठत नाही, तुम्ही म्हणाला होतात. ऐन गर्दीचे शेवटचे आठवडे सोडून तुम्ही निघायचात, घोडेवाले तुम्हाला वेड्यात काढायचे. ट्रकातून नेत नव्हतात, ती घाबरते म्हणून. पावसाळाभर तुम्ही लेकीच्या, सलमाच्या, शिलाई मशीनशेजारी बसून काजं-बटणं करायचात आणि रोज बिरूदादांना फोन करून विचारायचात, “जेवली का?”

आता जे सांगायचंय ते सांगते. तुम्हाला ते माहीत होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं राहिलं.

चरबीचं मला कळलं त्यानंतरही आमच्याकडे पत्रकांचे गठ्ठे उरले होते. मी ते वाटत राहिले. सगळा हंगाम वाटले. रेवदंड्याला, अलिबागच्या बस स्टँडवर, शाळेच्या फाटकासमोर. पाण्याची टाकी, पाण्याची टाकी. एक दिवस एका पर्यटकाने खाली टाकलेलं पत्रक तुम्ही उचललंत आणि माझ्यासमोर धरलंत.

“अजून पाणीच हाय?”

“मुद्दा लोकांपर्यंत पोचतोय ना चाचा? टाकी म्हटलं की लगेच कळतं. चरबी-बिरबी समजावत कोण बसणार?”

तुम्ही त्या कागदाची घडी घालून खिशात ठेवलीत. “तुझा मुद्दा बरोबर हाय ना?”

“हो!”

“मंग त्याला खोटं कशाला लागतं?”

मी आवाज चढवला. तुमच्या फेऱ्या काढल्या, तुमची चूक काढली, तुम्हाला बोलायचा हक्क नाही असंही म्हणाले. चार माणसांसमोर. तुम्ही नूरीची म्होरकी धरून शांतपणे किनाऱ्याने चालायला लागलात. तिच्या नाकात तुम्ही कधी वेसण घातली नाही, नुसती म्होरकी. तीही सैल.

त्यानंतर मी तीन आठवडे आले नाही. आले ती थेट दवाखान्यात. तुमचा ताप छातीत उतरला होता. माफी मागायची असं घोकत आले होते आणि तुम्ही मला बोलूच दिलं नाहीत. “किती तारीख झाली गं?” मी सांगितली. “निघायला पायजे होतं,” तुम्ही म्हणालात. “मृग गाठणार बघ आता.” श्वास लागत होता आणि काळजी तिची. मी म्हटलं, आधी बरे व्हा. मग माफी राहिली. दुसऱ्या दिवशी तुम्ही राहिला नाहीत.

मातीला तीन दिवस झाले नाहीत तोच एक रिसॉर्टवाला दारात. नूरीला विकत घेऊन फाटकाशी बांधणार, लग्नाच्या वरातींना वापरणार. बाराही महिने. चाची ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी एकच विचारलं, “पावसात कुठं ठेवणार?”

“शेड आहे ना पत्र्याची.”

“तुमची शेड तुम्हीच वापरा,” चाची म्हणाल्या. तो गेल्यावर माझ्याकडे वळल्या. “तू म्हणत होतीस ना, हिला इथून न्या? ने मग. सलमाला वाट माहीत हाय.”

एवढी पत्रकं वाटली, पण माझ्याच मागणीवर कोणी मला कामाला लावलं ते पहिल्यांदा.

निघालो. सलमा लहानपणी तुमच्याबरोबर दोनदा आली होती, तिला सगळे मुक्काम पाठ. पहाटे चालायचं, उन्हं चढली की सावली गाठायची, उतरतीला परत चालायचं. मला वाटलं होतं, वाट अवघड असेल. अवघड निघाली ती माणसं. प्रत्येक मुक्कामाला कोणीतरी लांबून ओरडायचं, “नूरी आली रे!” आणि मग आमच्या मागे बघायचं. तुम्हाला शोधायचं. चणेऱ्याच्या चहावाल्याने तीन कप भरले होते.

पालीला देवळाच्या रस्त्यावर हार विकणाऱ्या मावशी आहेत ना, दरवर्षी नूरीला शिळी झेंडूची फुलं घालतात त्या. त्यांनी विचारलं, “म्हातारा कुठाय? मागं बिडी ओढत बसला काय?” सलमाने तोंड फिरवलं. मी सांगितलं. मावशींनी शिळ्या फुलांची पाटी बाजूला सारली आणि ताज्या फुलांची पुढे ओढली. “खा बाय,” त्या नूरीला म्हणाल्या. “आज यातली खा.”

घाटात ट्रकवाले हॉर्न मारत होते, माझे पाय सोलवटले होते. नूरी आपली एका लयीत, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलत, डुलत चढत होती. वर पोचल्यावर वारा बदलला. कोरडा. तिने मान लांब केली आणि नाकपुड्या पूर्ण उघडल्या. किनाऱ्यावर त्या मिटलेल्याच जास्त पाहिल्या होत्या मी. अशा उघडलेल्या पहिल्यांदा पाहिल्या.

दुपारच्या मुक्कामांना माझं एक काम चालू होतं. उरलेला गठ्ठा मी बरोबर घेतला होता. दोनशेच्या वर पत्रकं. प्रत्येकावर ‘पाण्याची टाकी’ पेनाने खोडत होते आणि वर ‘चरबीची शिदोरी’ लिहीत होते. सलमा म्हणाली, “जाळून टाक की, नवीन छाप.” मला तसं नको होतं. खोडलेलं दिसलं पाहिजे. ‘निर्दय उंटवाला’ हेही खोडलं आणि तिथे तुमचं नाव लिहिलं.

बिरूदादांच्या माळावर पोचलो तेव्हा मृगाला तीन दिवस बाकी होते. तिथली माणसं जमली. नूरीने हौदाला तोंड लावलं ते काढेचना. पाणी घशातून वर चढताना दिसत होतं आणि हौदाची कड भराभर उघडी पडत होती. एक जण कौतुकाने म्हणाला, “आता कुबड भरलं बघा टम्म!” सगळे हसले. माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं.

“नाही ओ दादा,” मी म्हटलं. “ती चरबी असते. दाबून बघा.”

आणि मग मी सुरू झाले, चाचा. लोकर, ताप, लांबट पेशी, नाकातून बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल परत पकडणं, सगळं. तुमच्या त्या सौदीतल्या कातरलेल्या सांडणीसकट. मला वाटायचं समजावत बसायला कोणाला वेळ नसतो. कोणी हललं नाही. एका म्हातारीने पुढे येऊन खरंच कुबड दाबून बघितलं. बिरूदादा म्हणाले, “हे इस्माईलभाईचं बोलणं हाय. मला पाठ हाय.” मी म्हटलं, हो, त्यांचंच आहे.

संध्याकाळी चाचींचा फोन आला. त्यांनी आणि सलमाने ठरवलंय. ऑक्टोबरात पाऊस सरला की नूरीला परत खाली आणायचं नाही. ती इथेच राहील. बिरूदादा तिच्या पाठीवरून मेंढरांबरोबरचं बिऱ्हाड वाहतील, एवढंच काम. तुम्ही नेहमी पत्ता विचारायचात. पत्ता हा होता, आणि तो सोळा वर्षं तुमच्याच पायांखाली होता.

म्हणजे माझी मागणी मान्य झाली. पूर्ण. चळवळीत असं क्वचित होतं, झालं की आम्ही पेढे वाटतो. मला ती अशी मान्य व्हायला नको होती. तुम्ही समोर असताना, तुमच्या तोंडून, दोन शिव्या खाऊन मान्य व्हायला हवी होती. माफ करा, चाचा. पत्रकाबद्दल, आणि त्या चार माणसांसमोरच्या बोलण्याबद्दल.

निघायच्या दुपारी नूरी उघड्या माळावर बसली. आधी पुढचे गुडघे, मग मागचे, मग छातीचा घट्टा. आजूबाजूला सुरूचं एकही झाड नाही. तिने तोंड सूर्याकडे केलं. तुम्ही सांगितलं होतं अगदी तसं. मी तिच्या मागच्या सावलीत जाऊन बसले, शेवटचं पत्रक दुरुस्त केलं आणि हात लांब करून तिच्यापुढे धरलं.

तिने हुंगलं. ओठाच्या दोन्ही कडा हलवल्या. मग मान वळवून बाजूच्या खुरट्या बाभळीची काट्यांसकट फांदी ओढली आणि सावकाश चावत बसली.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “तिला कशाला देतेस? तिला आधीपासून माहीत हाय.”